रिकामी वेधशाळा

आई, तुझा तो जुना गेम आता फोनवर मिळतो. उदगीरच्या आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शेवटची बॅच सुटली की तू शटर अर्धं ओढायचीस आणि आपण दोघी खुर्चीला खुर्ची लावून कोड्यांचे गेम खेळायचो. मला सर्कशीचा आवडायचा. त्यात माणसं बोलायची, थट्टा करायची. दोरी, चावी, शिट्टी, दिसेल ते उचलायचं आणि कुठं काय लागू पडतं ते बघायचं. चुकलं की सिंह खायचा, आणि मला हसू यायचं. तुला मात्र ती ओसाड वेधशाळा. नुसता वारा, दातेरी चाकं, कुलपं. मी कंटाळून म्हणायचे, "इथं कुणीच नाही गं." तू वहीत नकाशा काढत म्हणायचीस, "म्हणून तर बरंय. कोणी मरत न्हाई, कोणी घाई करत न्हाई."

मी लातूरला बारावीचे क्लास करत होते तेव्हा तुझ्या पोटातली गाठ कळली. उपचारासाठी तू माझ्याच खोलीवर राहायला आलीस, कॉम्प्युटरसकट. दुपारी मी क्लासवरून येते, तू भिंतीला टेकून बसलेली, डोक्याला रुमाल, समोर पडद्यावर तीच वेधशाळा.

"बस की जरा. घुमटाचा दरवाजा तेवढा राहिलाय."

"परीक्षा आलीय, आई."

"दहा मिनिटं."

असं चार-पाच दिवस चाललं. मग मी नेटकॅफेतून त्या गेमची सगळी उत्तरं छापून आणली, अकरा पानं. तू पहिलं पान वाचलंस आणि गठ्ठा पालथा ठेवलास.

"हे कशाला आणलीस?"

"अडकलीयस ना तू."

"मी उत्तर मागितले होते का तुला?"

कॉम्प्युटर बंद केलास, तो पुन्हा लावला नाहीस. पंधरवड्यात तू गेलीस.

आता मी नांदेडला असते. परवा मी तो घुमट उघडला. तीन दिवस लागले. उत्तर कुठं बघितलं नाही. आत एक दुर्बीण होती, बाकी काही नाही. तुझा त्रास वाचावा म्हणून ती पानं आणली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, म्हणून सांगते. तुझ्या अंगाला औषधांचा वास यायचा. मला तुझ्याजवळ बसायचं नव्हतं.