भाऊजींचा लांबलेला नमस्कार

चि. मालसुन हिला थोरल्या ताईचे आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांनाही. बुसानच्या दमट हवेत ते कुरकुरत असतील. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. हे मुद्दाम लिहिते, कारण छुसकच्या सणाला पूर्वजांच्या पूजेत तुझे भाऊजी गेले, अशी बातमी तुझ्यापर्यंत पोचली म्हणे. ती माझ्या दिरानं पसरवली. त्याचाही दोष नाही, ऐक.

भाऊजींचं प्रोस्टेट वाढलंय हे तुला ठाऊक आहेच (त्यांना वाटतं, कुणालाच ठाऊक नाही, तू तोंड मिटून ठेव). ते बाथरूममध्ये गेले की माझा अख्खा मुळा चिरून व्हायचा, तरी आतून आवाज नाही. दवाखान्यातली गोळी लागू पडली, पण तिनं रक्तदाब उतरायचा आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिथली नर्स योम फार गोड पोरगी. तिनं मला जवळ बसवून सांगितलं, आजी, गोळी झोपताना द्या, त्यांना मनानं बंद करू देऊ नका, सर्दीचं औषध विचारल्याशिवाय देऊ नका, त्यानं लघवी तुंबते. आणि एकदम उभं राहू देऊ नका, आधी बसतं करा, डोकं स्थिर झालं की मग उठवा. तेव्हापासून मी घरात हवालदार झालेय. हे जरा हलले की स्वयंपाकघरातून ओरडते, "आधी बसा!" परवा दारातला पोस्टमनच बिचारा पायरीवर टेकला.

पण हे घराण्याच्या थोरल्या शाखेतले थोरले, म्हणून पूर्वजांना पहिला नमस्कार ह्यांचा. कपाळ जमिनीला टेकवायचं आणि ताठ उभं राहायचं. सगळ्यांदेखत कोलमडलो तर तो मान धाकट्याकडे जाईल, या धास्तीनं ह्यांची झोप उडाली होती. आदल्या दिवशी गोळी गालात लपवताना मी ह्यांना पकडलं. म्हणाले, "एक दिवस नाही घेतली तर काय आभाळ कोसळतंय?" मी म्हटलं, "आभाळ नाही कोसळणार, लघवी अडेल. मग नळी लावून उभे राहा पूर्वजांसमोर!" मुकाट गिळली.

पूजेत ह्यांनी कपाळ टेकवलं आणि डोकं स्थिर होण्याची वाट बघत तसेच राहिले. थोरला उठल्याशिवाय कुणी मान वर काढायची नाही, त्यामुळे मागच्या रांगाही पालथ्याच. कुणाचा गुडघा वाजला, कुणाची पँट उसवली. काय ही पितृभक्ती, म्हणून चुलतसासरे मुसमुसायला लागले. ते ऐकून दिराला वाटलं, दादा गेला, आणि त्यानं हंबरडाच फोडला. मी स्वयंपाकघरात. (आमच्याकडे नैवेद्य बायकांनी रांधायचा आणि नमस्कार पुरुषांनी करायचा. लग्न होऊन आल्यापासून ती पूजा मी दाराच्या फटीतूनच बघितलीय.) त्या फटीतून मला ह्यांचा हात दिसला. जमीन चाचपत होता गं. हातातलं भांडं टाकून मी रांगा तुडवत गेले, काखेत हात घालून आधी बसवलं, श्वास घेऊ दिला, मग उभं केलं. चुलतसासरे म्हणाले, "सूनबाई, तू इथे कशी?" मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "मीच बोलावलंय. यापुढे ती माझ्या शेजारी नमस्कार करेल. तिच्याशिवाय मला उठता येत नाही." भर घरात, सगळ्यांसमोर! आजवर भात बरा झालाय एवढंही कधी म्हणाले नव्हते. मी आत जाऊन कांदे नसताना रडले.

तब्येतीला जप.

तुझी ताई

ता. क. नव्या वर्षाच्या पूजेला मी पहिल्या रांगेत असणार, आणि माझ्या झाडून सगळ्या कपड्यांना तळणाचा वास आहे. तुझा तो फिक्या हिरव्या रेशमाचा हानबोक पाठव. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.

आणखी एक. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, तेवढ्यात आज दवाखान्यात जाऊन आलो. पूजेनंतर डॉक्टरांनी गोळी बदलली होती. नर्स योमनं ह्यांना निजवून आणि मग उभं करून रक्तदाब मोजला, आता तो उतरत नाही. म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही एकटे उठू शकता, कुणी धरायला नको." मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू, आणि आता तो कशाला लागतोय म्हणून हिरवा हानबोकही डोळ्यांपुढून गेला. घरी आलो. दारात बूट काढताना हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या पोरीचं यंत्र बिघडलंय. तू बहिणीकडून कपडे मागवून घे."