खेळाडू क्र. ११ चा हात धरून मैदानात येण्याच्या हक्काबाबत

प्रति,
मा. सचिव,
कनिष्ठ गट फुटबॉल क्लब (स्पर्धा विभाग),
क्लब कार्यालय, मैदानाच्या मागच्या दरवाजाजवळ.

विषय : अंतिम सामन्याच्या यादीत खेळाडू क्र. ११ (मुली, बारा वर्षांखालील, 'अ' संघ) हिच्यासमोर चुकीच्या आईची नोंद झाल्याबाबत.

संदर्भ : १) सूचनाफलकावरील यादी, काल पाहिली.
२) तीच यादी, आज पुन्हा पाहिली.

महोदय,

१. मी, खाली सही करणारी, खेळाडू क्र. ११ ची आई आहे. हे वाक्य कधी अर्जात लिहावे लागेल असे वाटले नव्हते. परंतु आपण लावलेल्या यादीत क्र. ११ समोर 'पालक' या रकान्यात दुसऱ्याच बाईंचे नाव आहे. त्या बाई खेळाडू क्र. १, म्हणजे गोलकीपर, हिच्या आई आहेत आणि त्यांचे नाव क्र. १ समोरही आहे. म्हणजे आपल्या कार्यालयाच्या हिशेबाने त्यांना दोन मुली आहेत आणि मला एकही नाही.

२. चूक कशी झाली ते मला समजले आहे. बाहेरच्या मैदानावर सामना असला की मुलीला जे घेऊन येतात त्यांनी 'पालक हजेरी' वहीत सही करायची, अशी क्लबची पद्धत आहे. हंगामाच्या शेवटी ज्यांच्या सह्या सर्वांत जास्त, त्यांनी अंतिम सामन्यापूर्वी खेळाडूचा हात धरून मैदानात यायचे, असा नियम क्र. ९ आहे. माझ्या मुलीच्या पानावर सोळा सामन्यांच्या सोळा सह्या आहेत. सोळाही त्या बाईंच्या. सही गोलसर आहे व शेवटी तिला शेपूट आहे. मी वही स्वतः पाहून आले.

३. सह्या खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. आमच्याकडे गाडी नाही, त्यांच्याकडे सात जणांची आहे. क्लबनेच वाहन-वाटपात माझ्या मुलीला त्यांच्या गाडीत बसवले. त्यांच्याजवळ एक मोठा थर्मास असतो व मध्यंतरात त्या सगळ्या मुलींना त्यातून गरम सूप देतात, म्हणून मुली त्यांना थर्मासमावशी म्हणतात. यापुढे या अर्जात त्यांचा उल्लेख 'सदर मावशी' असा केला आहे.

४. मी सामन्यांना का नव्हते, असे आपण विचाराल. मी दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्यातून आलेल्या मापावरून प्लास्टरचा साचा काढायचा, मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवून पाहायचा, मग मेण काढून त्या जागी पक्की गुलाबी हिरडी भरायची, घासायची, चकचकीत करायची. रविवारच्या कामाची मजुरी दुप्पट असते, कारण सोमवारी सकाळी दवाखाने उघडतात आणि लोकांना जेवायचे असते. 'अ' संघाची फी, दोन रंगांचे गणवेश, दर सहा महिन्यांनी लहान होणारे बूट, शिबिर आणि सदर मावशींच्या पेट्रोलमधला आमचा वाटा, सगळे त्या दुप्पट मजुरीतून जाते. आणि सामने रविवारीच असतात.

तेव्हा आपण हे नीट पाहावे. मी रविवारी काम करते म्हणून मुलगी सामन्याला जाऊ शकते. मी सामन्याला गेले तर मुलगी सामन्याला जाऊ शकत नाही. तिचा खेळ पाहण्यासाठी तिने खेळू नये अशी व्यवस्था मी केली पाहिजे. यात क्लबचा दोष नाही. कोणाचा आहे ते मी बरेच दिवस शोधते आहे.

५. आता तक्रार.

मुलगी सकाळी सहाला माझी एक वेणी घालून जाते आणि संध्याकाळी दोन वेण्या घेऊन परत येते. पहिल्यांदा विचारले तेव्हा म्हणाली, “अगं, एक वेणी हेडर मारताना मानेवर आपटते. मावशी म्हणाली.” मी त्या दोन वेण्या लगेच सोडल्या. केस धुवायचे आहेत असे सांगितले. केस आदल्या दिवशीच धुतले होते.

५ (अ). मुलीने साल काढलेले सफरचंद खाणे बंद केले आहे. “मावशी सालीसकट देते. सालीतच सगळं असतं.” अकरा वर्षे मी साल काढून देत आले, तेव्हा सालीत काय होते ते मला कोणी सांगितले नाही.

५ (आ). उपांत्य सामन्यात मुलीने डावीकडून पळत येऊन गोल केला. त्याचे चित्रण सदर मावशींनी मला पाठवले. तेवीस सेकंदांचे आहे. गोल झाल्यावर मुलगी संघाकडे जात नाही, प्रशिक्षकांकडे जात नाही, थेट कॅमेऱ्याकडे धावत येते. मग धक्का बसल्यासारखे चित्र हलते, थोडे आकाश दिसते, कोणाच्या तरी स्वेटरची लोकर दिसते, आणि माझ्या मुलीचा आवाज अगदी जवळून येतो, “पाहिलंस? पाहिलंस ना?”

हे मी साच्यांच्या खोलीत पाहिले. दोन्ही हात प्लास्टरने भरले होते म्हणून चित्रण पुन्हा सुरू करायला नाकाचा वापर केला. एकूण नऊ वेळा. नवव्या वेळी लक्षात आले की ती त्यांना 'पाहिलंस' म्हणते, 'पाहिलंत' नाही.

६. सबब विनंती की :

(क) यादीत दुरुस्ती करून क्र. ११ समोर माझे नाव घालावे.

(ख) यापुढे हजेरी वहीत सदर मावशींनी सही करताना सहीच्या वर 'आईकरिता' असे लिहावे.

(ग) आई गैरहजर असताना झालेल्या गोलानंतर खेळाडूने मिठी मारू नये. अगदीच आवरले नाही तर गोलाच्या खांबाला मारावी.

(घ) थर्मास एक लिटरपेक्षा मोठा नसावा. [हे वगळावे. माझ्या वडिलांनी अर्ज वाचला व म्हणाले, “हे खोड, लोक हसतील.” मी खोडले आहे असे समजावे.]

७. वडिलांनी आणखीही मत दिले. ते आमच्याकडेच राहतात. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत, नाहीतर हात धरून चालायला मी त्यांनाच पाठवले असते. ते म्हणाले, “तुला फुकटात ड्रायव्हर मिळालाय, सूप मिळालंय, पोरीचे केसही कोणीतरी विंचरून देतंय. आणि तू तिच्यावरच अर्ज लिहितेस? कमाल आहे तुझी!” मग थोड्या वेळाने म्हणाले, “आणि हा खेळ एवढा महाग कशाला लागतो? एक बॉल तर असतो.” मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, “जगाला दात करून देतेस. तुझी डावीकडची दाढ पडून दोन वर्षं झाली. ती कधी बसवणार?”

या प्रश्नाचा विषयाशी संबंध नाही. तरी नमूद केला.

८. (हा परिच्छेद दुसऱ्या दिवशी.) वरील अर्ज घेऊन मी स्वतः आपल्या कार्यालयात आले. आपण जागेवर नव्हता. खिडकीत शिक्का घेऊन बसलेल्या गृहस्थांनी अर्ज वाचून सांगितले की नोंद बदलायची तर नोंदीत ज्या आई आहेत त्यांचे ना-हरकत पत्र लागेल.

मी म्हटले, “अहो, आई मी आहे.”

ते म्हणाले, “असाल हो. पण वहीत त्या आहेत.”

मी म्हटले, “मग मला आई व्हायला त्यांची परवानगी हवी?”

ते म्हणाले, “परवानगी नाही, ना-हरकत.” आणि त्यांनी खिडकीवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवले. तिच्यावर जेवणाची वेळ लिहिली होती.

९. (त्याच दिवशी, संध्याकाळी.) मी सदर मावशींच्या घरी गेले. वाटेत काय काय बोलायचे ते ठरवले होते. वेण्यांबद्दल, सालीबद्दल, 'पाहिलंस'बद्दल. त्यांनी माझ्यासाठी तीन आक्षेप काढावेत आणि मी तिन्ही मोडून काढावेत, अशी तयारी होती. दारातच म्हणाल्या, “अगंबाई, तुम्ही! या ना, आत या. चपला राहू द्या.” घरात त्यांचा सगळा पसारा फुटबॉलचाच होता. हातमोजे वाळत घातले होते. फ्रिजवर संघाचा फोटो होता. माझी मुलगी त्या फ्रिजवर आहे. आमच्या फ्रिजवर नाही.

मी ना-हरकतीचा कागद पुढे केला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, “अरे देवा, हे असं छापलंय? मला माहीतच नव्हतं. कुठे करू सही?” आणि भिंतीला कागद टेकवून केली. गोलसर, शेपटीसह. वर म्हणाल्या, “बरं झालं बाई. दोघींना दोन हातांत धरलं असतं तर फोटो कोणी काढला असता?”

महोदय, सोळा रविवार त्यांनी माझी मुलगी नेली-आणली, आणि ती परत करायला त्यांना पेनाचे टोपण काढण्याइतकाही वेळ लागला नाही. पेन उघडेच होते. मला वाटले होते, थोड्या तरी भांडतील.

९ (अ). त्यांनी सूप विचारले. मी नको म्हटले. चांगले होते असे वासावरून दिसले.

१०. ना-हरकत मिळाल्यावर सुट्टीचा प्रश्न आला. आमचे मालक वाईट नाहीत, पण त्यांचा एक नियम आहे. ज्याने एक रविवार सोडला त्याचे सगळे रविवार दुसऱ्याला जातात, कारण सोमवारी तोंड उघडून बसलेल्या माणसाला कारण सांगता येत नाही. ते म्हणाले, “ताई, विचार करा. रविवारसाठी बाहेर दोघी थांबल्यात.” मी विचार केला. तेव्हा एका खालच्या जबड्याच्या समोरच्या चार दातांचे काम चालू होते. चौथा दात बसवेपर्यंत विचार केला आणि रविवार सोडले.

११. याचा अर्थ पुढील वर्षी 'अ' संघाची फी भरता येणार नाही. पुढील वर्षाचा प्रवेश अर्ज सोबत परत करत आहे. त्यावर मी काहीही लिहिलेले नाही.

१२. मुलीला काल सांगितले. आधी आनंदाने ओरडली, “तू येणार? खरंच येणार?” मग बुटांच्या नाड्या सोडता सोडता थांबली. ती हिशेबात हुशार आहे.

“मग पुढच्या वर्षी?”

मी म्हटले, “आपल्या इमारतीमागच्या मैदानावर मुलींचा संघ आहे. संध्याकाळी खेळतात. मी रोज गॅलरीतून बघेन.”

“त्यांच्या गोलला जाळी पण नाहीये.”

“जाळी लावतील.”

“आई, आत चालत जायला किती वेळ लागतो माहितीये? एक मिनिट. आम्ही प्रॅक्टिस केलीय, सरांनी घड्याळ लावलं होतं. मावशी चालली असती तरी काय झालं असतं? तू एका मिनिटासाठी माझं सगळं...”

वाक्य तिने पूर्ण केले नाही. माझे वडील आतल्या खोलीतून खोकले. तिला द्यायचे उत्तर येथे लिहिते, ते आपण फाइलला लावावे : होय. एका मिनिटासाठी. ते मिनिट दुसऱ्या कोणाला मिळावे हे मला सहन झाले नाही. सोळा सामने दिले, गोल दिला, केस दिले. हेही द्यायला हवे होते असे आता वाटते. परंतु आता मालकांनी रविवार दुसरीला दिले आहेत आणि ना-हरकत पत्रावर शिक्का बसला आहे.

१३. क्लबचा हा खेळ एखाद्या कुटुंबाला परवडण्यासारखा आहे का, असे आपल्या पालक-प्रश्नावलीत विचारले आहे व 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी दिल्या आहेत. मी दोन्हीत खूण केली आहे. कृपया ती चूक समजू नये.

सोबत जोडलेले कागद :
१) ना-हरकत पत्र, सदर मावशींच्या सहीसह.
२) मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत. (आईच्या नावाखाली रेघ मी ओढली आहे.)
३) पुढील वर्षाचा प्रवेश अर्ज, कोरा.
४) पालक-प्रश्नावली.

१४. सहीच्या आधी एक विचारायचे राहिले, ते जोडपत्रानंतर लिहीत आहे त्याबद्दल क्षमा असावी. कालपासून मुलगी माझ्याशी बोलत नाही. जेवते, शाळेत जाते, सरावाला जाते. सदर मावशींशी फोनवर बोलते, दार लावून. रविवारी मी येणार आहे, वेळेवर येणार आहे, यादीत माझे नाव असेल. परंतु नियम क्र. ९ मध्ये 'खेळाडूचा हात धरून' असे शब्द आहेत. खेळाडूने हात दिला नाही, तर आईने शेजारून नुसते येणे नियमात बसते का, आणि बसत असल्यास किती अंतर ठेवावे, हे शुक्रवारपर्यंत कळवावे, ही विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
अर्जदार
खेळाडूशी नाते : आई

दिनांक : १४, बुधवार