फिटर म्हणे!

९ जून, सोम.
माझ्या मोबाईलवर मेसेज: आयटीआयचा अर्ज मिळाला. वाटलं, कुणीतरी फसवतंय. रेवाला दाखवला तर शांतपणे म्हणते, "मीच भरला. फिटर. रोहा." दहावीला ८४ टक्के, आई शाळेत विज्ञान शिकवते, आणि पोरगी फिटर म्हणे! काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "झालं बोलून?"

१२ जून, गुरु.
अकरावी सायन्सचा फॉर्म मी स्वतः भरला. पेणचं कॉलेज, पहिली पसंती. ती शेजारी बसून बघत होती. संध्याकाळी बंद पडलेला मिक्सर तिने उघडून चालू केला. मी चटणी पाट्यावर वाटली.

१५ जून, रवि.
हे रोह्याच्या एका कंपनीत स्टोअरला. म्हणे, "प्लांट बंद पडला की मॅनेजरसुद्धा फिटरच्या मागेमागे फिरतो." म्हटलं, "बाई फिटर पाहिलीय का तुमच्या कंपनीत?" तर म्हणे, तिला एकदा आयटीआय नेऊन दाखव तरी. नेतेच. तेलकट पोरांच्या गर्दीत उभी राहिली की उतरेल भूत.

२१ जून, शनि.
रोह्याला जाऊन आलो. एसटीत दोघी वेगवेगळ्या सीटवर. वर्कशॉपमधले सर पुढे आले, "बाई, ओळखलंत नाय?" नाही ओळखलं. सुनील. गडब गावापलीकडच्या वाडीवरचा, माझ्या नववीच्या वर्गात होता म्हणे. हसतच बोलला, "वर्गात उभं करून म्हणालात, तुझ्या डोक्याला कॉलेज झेपायचं नाय, आयटीआयला जा. मला कॉलेजला जायचं होतं, बाई."
"चांगलंच झालं की. आज सर झालास."
"झालो. पण तुमच्यामुळं नाय."
रेवासमोर!
मग तिच्या हातात कानस दिली, लोखंडाचा तुकडा दिला. "मुलगी म्हणून सवलत नाय. दिवसभर उभं राहायचं." अर्धा तास घासत होती. त्याने काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला. "वाकडं हाय. परत." परत घासलं. तेही वाकडंच. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू.

२२ जून, रवि.
"तू तसं बोलली होतीस?" रेवाने विचारलं.
"आठवत नाही."
"म्हणजे बोलली असशील."
वाक्य माझंच आहे. दरवर्षी कुणाला ना कुणाला ऐकवते. पण म्हणून त्याने तिच्यादेखत...

२८ जून, शनि.
दोन्हीकडे नंबर लागला. शेवटची तारीखही एकच, ५ जुलै. आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच. तो मी आमच्याच शाळेच्या ऑफिसातून सही करून घेतला, स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात ठेवला. घरी सांगितलं, क्लार्क रजेवर आहे.

२ जुलै, बुध.
रेवा थेट शाळेच्या ऑफिसात गेली. क्लार्क म्हणाला, बाईंनी कधीच नेला. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभी. शाळेत मला कायम "बाई" म्हणायची. आज सगळ्यांसमोर, "आई, दाखला दे." घरी बोलू म्हटलं. हलली नाही. घंटा झाली, सगळे तासाला गेले, आम्ही दोघीच उरलो.
"तू मला न विचारता अर्ज भरलास," मी म्हणाले.
"विचारलं असतं तर?"
उत्तर मला माहीत होतं. तिलाही. नाही दिला दाखला.

४ जुलै, शुक्र.
उद्या शेवटची तारीख. आज कपाट उघडलं. घरी येऊन दाखला तिच्या टेबलावर आपटला. "जा कुठे जायचं तिथे. मी सोबत येणार नाही."
"नकोच येऊ."
हे म्हणाले, उद्या मला सुट्टी आहे, मी जातो. त्यांनाही नको म्हणाली.

५ जुलै, शनि.
सातला गेली. कॉलेज आणि रोह्याच्या एसटीचा स्टँड, दोन्ही एकाच रस्त्याला; कुठे गेली ते कळेना. शाळेत दोन तास घेतले, काय शिकवलं कोण जाणे. साडेतीनला आली. "झालं ॲडमिशन." चपला काढल्या, हातपाय धुतले, पानावर बसली.
यांनी मला खूण केली, विचार. मी म्हटलं, "तिने सांगावं."
"तू विचार," रेवा म्हणाली. "पण नीट विचार."
भात वाढला. आमटी वाढली. नीट म्हणजे उत्तर आधीच न ठरवता, एवढं मला कळलं; तसं कसं विचारतात, ते काही तिने सांगितलं नाही.