हायड्रोजन कुणाला दिसला?

तीर्थरूप मामांस,

तुमच्या पायांवर डोकं ठेवायचं तर डावा पाय सध्या प्लास्टरमध्ये आहे असं आईकडून कळलं, म्हणून हा साष्टांग नमस्कार उजव्या पायाला. मामींनाही सांगा. तुम्ही शिडीवरून घसरलात की मामींनी शिडी हलवली, यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत. मी तुमच्या बाजूचा आहे हे ध्यानात असू द्या, कारण आता तुम्हांला माझ्या बाजूचं व्हायचंय. (अर्धेसरांचं पत्र माझ्या आधी पोचलं असेल तर ते उशीखाली ठेवा आणि हे आधी वाचा. अर्धेसर म्हणजे आमचे मुख्य परीक्षक, तुमचे जुने सहकारी. समोर येईल त्या उत्तराचा अर्धा गुण कापतात म्हणून अख्खं सभागृह त्यांना याच नावानं ओळखतं. तुमच्या वेळी काय म्हणायचे?)

तुम्ही शब्द टाकलात म्हणून मला उत्तरपत्रिका तपासणीच्या सभागृहात चिकटता आलं, हे मी विसरलेलो नाही. काम बिनडोक आहे. परीक्षकांनी रसायनशास्त्राचा गठ्ठा तपासला की मी आतल्या गुणांची पुन्हा बेरीज करायची, आणि एखादं उत्तर नजरेतून सुटलं असेल तर पान दुमडून परत द्यायचं. मत द्यायचं नाही. मत द्यायला पदवी लागते आणि माझी तर अर्ध्यावर राहिली. (कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला सोडलं नाही. आई उलट सांगते. प्रयोगवहीत सगळ्या पोरांचे आकडे पुस्तकाबरहुकूम हवेत म्हणणाऱ्या मास्तरांसमोर मी वही आपटली, त्यात चूक कुणाची ते तुम्हीच सांगा. पुन्हा जन्मात परीक्षेला बसणार नाही हे मी तेव्हाच ठरवलं आणि अजून ठरवलेलंच आहे.)

तर माझ्या टेबलावर तिघे परीक्षक. एक गृहस्थ तपासताना झोपतात, दुसरे झोपेत तपासतात, आणि तिसऱ्या नव्या बाई. कुठल्याशा शाळेत यंदाच लागल्यात, परीक्षक म्हणून पहिलीच खेप. मामा, मी असं-तसं काही म्हणत नाही, फक्त पाहिलेलं सांगतो. फुली मारण्याआधी त्या क्षणभर थांबतात, जणू ते उत्तर तेवढ्यात स्वतःला सुधारून घेणार आहे. बरोबरच्या खुणेची शेपटी त्यांच्या हातून जराशी वर वळते. त्यांचा गठ्ठा माझ्यापुढे आला की मी बेरीज सावकाश करतो, आणि त्यांच्या बेरजेत आजवर एकही चूक निघालेली नाही. (चूक निघाली असती तर बोलायला निमित्त झालं असतं. नशीबच फुटकं.) माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या असतील. आईनं विचारलं तर तुम्हांला ठाऊक नाही म्हणा.

आता मुद्द्याचं. प्रश्न होता, सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला असता काय दिसते? गुण दोन. एका पोरानं (की पोरीनं, उत्तरपत्रिकेवर नुसता क्रमांक असतो) लिहिलं होतं, "सोडियम पाण्यावर तरंगतो, गोळा होऊन इकडून तिकडे पळत सुटतो, फुस्स असा आवाज येतो, कधी कधी पिवळी ज्योत दिसते आणि आमचे सर मागे सरकतात." मामा, मला ते वाचून भरून आलं. हे पोर प्रयोगशाळेत डोळे उघडे ठेवून उभं होतं! नव्या बाईंनी दोनपैकी दोन दिले, शेपटी वर वळवून. आणि अर्धेसरांनी फेरतपासणीत तो गठ्ठा उचलला, आदर्श उत्तराचा कागद शेजारी धरला आणि दोनाचं शून्य केलं. वर भर सभागृहात म्हणतात, "बाई, तपासायला बसलात की गोष्टी वाचायला? आदर्श उत्तर काय आहे? हायड्रोजन वायू मुक्त होतो. यात कुठंय हायड्रोजन?"

बाईंचे कान लाल झाले. त्या हळूच म्हणाल्या, "सर, प्रश्नात 'काय दिसते' असं आहे." तर म्हणे, "पुन्हा असं झालं तर तुमच्या शाळेला कळवावं लागेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलो आणि म्हणालो, "सर, हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. तो दिसतो कसा? तुम्हांला दिसलाय का कधी?" झोपणारे गृहस्थ जागे झाले. अर्धेसर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बेरीजवाले, तुम्ही बेरीज करा." बेरीजवाले! मामा, तुमच्या सख्ख्या भाच्याला!

यानंतर जे झालं ते विज्ञानाच्या हितासाठी झालं. चहाच्या सुट्टीत मी सभागृहाशेजारच्या प्रयोगशाळेच्या मदतनिसांना गोड बोलून रॉकेलातल्या सोडियमची बाटली काढायला लावली, खिडकीजवळच्या चिनी मातीच्या मोरीत पाणी भरलं आणि अर्धेसरांना जाहीर आमंत्रण दिलं की या, आणि हायड्रोजन दिसला की मला बोट करून दाखवा. ते आले. (आले नसते तर घाबरले असं झालं असतं.) मागोमाग सगळं सभागृह कप हातात घेऊन आलं, नव्या बाईसुद्धा. तुम्ही लहानपणी मला शिकवलं होतं की सोडियम घ्यायचा तो मुगाच्या दाण्याएवढा. मी मूगच घेणार होतो. पण सुरी बोथट, बाई बघताहेत आणि हातात आलं ते निघालं सुपारीएवढं. शिवाय रंगत यावी म्हणून पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनही ओतलं होतं, म्हणजे पाणी गुलाबी होऊन मागच्यांनाही दिसेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सोडियम तरंगला. इकडून तिकडे पळाला. फुस्स झालं. पिवळी ज्योत आली. पोराच्या उत्तरातला शब्द न् शब्द खरा होत होता आणि मी विजयानं मागं वळून बाईंकडे बघत होतो, तेवढ्यात धडाम! आणि मामा, शपथेवर सांगतो, अर्धेसर मागे सरकले! सरकले ते थेट लादी पुसायच्या बादलीत जाऊन बसले. पोराचं उत्तर शंभर टक्के बरोबर निघालं, पण त्या क्षणी हे बोलून दाखवायची काही गरज नव्हती असं आता वाटतं. मोरीला तडा गेला. सरांच्या पांढऱ्या शर्टावर गुलाबी ठिपके उठले. ठिपके वाळले की आपोआप जातात हे मी घसा फोडून सांगत होतो, पण पदवी नसलेल्याचं ऐकतो कोण? (डोळ्यांना काही झालं नाही, चष्मा होता. हे मामींना आधी सांगा.)

निकाल असा. मला सभागृहात पाऊल टाकायला बंदी. लेखी माफी दिली तरच परत घेणार. आणि पोराच्या उत्तराचं काय झालं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी नव्या बाईंनी कुणावर न ओरडता, एक भांडंही न फोडता, शांतपणे लेखी हरकत घेतली, आणि अर्धेसरांनी ती मान्य करून सगळ्या टेबलांना सांगितलं की जे डोळ्यांना दिसतं ते लिहिलं असेल तर गुण द्या. त्या पोराला दीड मिळाला. अर्धा कापलाच, सर मागे सरकतात हे अवांतर आहे म्हणे. अवांतर! बादलीत बसलेल्या माणसानं हे म्हणावं!

माफी मी मागणार नाही. सूर्य पश्चिमेला उगवला तरी नाही. माझ्या म्हणण्यात एका अक्षराची चूक नव्हती, चूक होती ती आकारमानाची. तुम्ही रसायनशास्त्र शिकवण्यात उभा जन्म घालवलात, तुम्हांला तरी हे पटेल. पायाला जपा, शिडीपासून लांब राहा.

तुमचा, सत्यासाठी बेकार झालेला,
भाचा

ता. क. पत्र टाकण्याआधी तपशील बरोबर आहे ना, म्हणून फाटकाशी नव्या बाईंना गाठून ते वाचायला दिलं. (हो, सगळं. शेपटीचाही परिच्छेद. देऊन झाल्यावर आठवलं, तोवर त्या आत गेल्या होत्या.) संध्याकाळी त्यांनी ते परत दिलं आणि बसथांब्याकडे गेल्या. समासात लाल शाईनं गुण दिलेत, तुम्हांलाही दिसतील. हायड्रोजनच्या मुद्द्याला दोन. प्रयोगाला दीड, शेजारी "मुगाएवढा!" असं लिहून. त्यांच्या स्वतःच्या वर्णनाला अर्धा, शेरा "अतिशयोक्ती". हरकतीच्या परिच्छेदाला एक. माफीच्या परिच्छेदाला शून्य, शेरा "गाळावे". कॉलेजच्या कंसाखाली दोन रेघा आणि "पूर्ण करावे". प्राचार्य तुमच्या ओळखीचे आहेत ना? पाय बरा झाला की सहज एक चक्कर टाका.

ता. क. दुसरा. शेवटी त्यांनी एकूण लिहिलंय दहापैकी साडेचार. मामा, मी सहा वेळा बेरीज केली. दोन, दीड, अर्धा, एक आणि शून्य म्हणजे पाच होतात. नव्या बाईंची बेरीज चुकलीय! आणि नियम असा, की बेरजेतली चूक बेरीजवाल्यानं परीक्षकाच्या टेबलापाशी जाऊन, त्यांच्यासमोरच दाखवायची आणि त्यांची सही घ्यायची. फाटकावर चालत नाही. तेव्हा माफीचा एक चांगलासा मसुदा उलट टपाली पाठवा. मी चार लिहून पाहिले, चारही शेवटी शेवटी भांडायला लागतात. शिडीनंतर तुम्ही मामींना लिहून दिलेला असेल, तोच पाठवलात तरी चालेल. बादलीचं मी घालतो.