तीनदा घ्यायचं माप

४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आई माझ्याकडे बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तोंड जोरात चालतं. तू मात्र सहा महिने तोंडाला कुलूप लावलंयस. फाटकापाशी दिसलास तरी मान वळवतोस, म्हणून हे पत्र वहिनीच्या हाती देतेय.

परदेशी कंपनीने आपला कारखाना घेतला आणि मधोमध भिंत आली. माझ्या बाजूला नवी यंत्रं, गार हवा, चौपट पगार. तुझ्या बाजूला जुनी शेड, कंत्राट आणि होता तोच पगार. आम्ही नव्या बाजूच्या लोकांनी चढ्या भाड्याने खोल्या घेतल्या, म्हणून तुझ्याही घरमालकाने भाडं वाढवलं, हे मला ठाऊक आहे. तरी कंपनीला नुसती नावं ठेवणार नाही. लेथवरच्या बाईला जुन्या मालकाने कधी विभागप्रमुख केलं असतं का?

आता आडवळणं पुरेत. नव्या बाजूसाठीच्या निवड चाचणीत मी परीक्षक होते, आणि शाफ्टचं माप तीनदा घेऊन लिहायचं होतं. तू मायक्रोमीटरची पेटी उघडलीच नाहीस. चिमटीत शाफ्ट फिरवलास आणि एकच आकडा तीनदा लिहून मोकळा झालास. मोठा शहाणा! तू गेल्यावर मी मोजून पाहिलं. आकडा केसभरही चुकला नव्हता.

कंपनीच्या साहेबाने तुला नापास केलं, असं तू सगळ्यांना सांगतोस. त्याने मला विचारलं होतं, "माणूस कामाचा दिसतो. घ्यायचा का?" माझ्या एका शब्दाचं काम होतं. भावाला चिकटवलं म्हणतील, या भीतीने मी म्हणाले, "नियम म्हणजे नियम." दादा, मला याची फार लाज वाटते.

काल साहेबाला हे सगळं सांगितलं. जुन्या शेडमधल्या सगळ्यांना आठवडाभर नवी साधनं हाताळू द्या, मग पुन्हा चाचणी घ्या आणि परीक्षक दुसरा नेमा, असं लेखी दिलं. आमचा निम्मा माल गिऱ्हाइकाकडून परत येतोय, तेव्हा तुमच्या हातांची गरज त्यालाही कळते. कुरकुरत का होईना, सही केली. सोमवारपासून सुरुवात आहे.

तू येशीलच. माझ्यावरचा राग घेऊन ये, चालेल. पेटी तेवढी उघड.

तुझ्या हाताखाली लेथ शिकलेली, तुझ्याच नावापुढे फुली मारलेली,
धाकटी