बाबांची लोखंडी पेटी

गुढियारी, रायपूर
सोमवार

प्रिय संघर्ष,

चौदा तारखेचं तुझं तिकीट निघालं, असं तुझ्या जिजाजींनी सांगितलं. तू येणार, बाबांच्या अस्थी टेकडीवर नेणार, पिंपळ लावणार. मस्कतला बसून सगळं वेळापत्रक तयार केलंस म्हणे. बाबांचाच पोरगा तू! पण टेकडीवर न्यायला आता काही उरलेलं नाही रे. सांगायला तीनदा फोन लावला आणि तीनदा तुझ्या जेवणाची चौकशी करून ठेवून दिला.

बाबांची पेटी आठवते ना? मालगाडीवर गार्ड होते तेव्हा झेंडे, कंदील भरलेली लोखंडी पेटी त्यांच्यासोबत जायची. रिटायर झाल्यावर ती जमा करावी लागली, तर त्यांनी पाऱ्यातल्या, आपल्या गल्लीच्या टोकाच्या लोहाराकडून तशीच लहान पेटी करून घेतली आणि वर नावही रंगवलं, 'दयाराम मेश्राम, गार्ड'. आई होती तोवर तिने त्यावरून त्यांची खूप थट्टा केली. अस्थी मडक्यात ठेवायला माझं मन होईना. त्या मी याच पेटीत ठेवल्या आणि त्यांचंच पितळी कुलूप लावलं. बाबा ड्यूटीवर निघालेत असं वाटायचं.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी आणि तुझे जिजाजी सिरपूरकडच्या त्या टेकडीखाली गेलो. मला नदीत सोडू नका, तिथे झाडाखाली ठेवा, हे बाबांनी आपल्या दोघांना सांगितलंच होतं. पूर्वी तिथे आपण आणि गुराखी असायचे. आता पायथ्याशी मुरूम टाकून पार्किंग केलंय, महागडे बूट घालून लोक चढायला येतात. आधी खड्डा खणू, मग पेटी नीट सन्मानाने वर नेऊ, म्हणून आम्ही कुदळ आणि रोप घेऊन चढलो. पेटी मागच्या सीटवर होती, वर आईची शाल. तासाभराने उतरलो तर चार गाड्यांच्या काचा फुटलेल्या. लोकांचे लॅपटॉप गेले, पर्स गेल्या. आपल्या गाडीत फक्त शाल राहिली होती. चहावाली कुसुम म्हणाली, "हव दीदी, दो आदमी थे, पेटी उठाने में दोनों लगे."

शाल पांघरलेली कुलूपबंद पेटी, कोणालाही दागिनेच वाटणार. पण कुलूप लागलं की सामान सुरक्षित, हेच ऐकत आपण वाढलो. ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या मुंशीने विचारलं, "पेटी में कीमती क्या था?" मी म्हटलं, पिताजी. त्याने पेन खाली ठेवला आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. पाचव्या दिवशी पेटी सापडली, एका पुलाखाली, कुलूप तोडलेली, उलटी. तिच्याखालून नाला वाहत होता. मी तिथेच चिखलात बसून रडले.

माझी नणंद देवश्री म्हणाली, चुलीतली राख भर, भैयाला काय समजणार. मी दोन मुठी भरलीसुद्धा. मग तू ती पेटी छातीशी धरून चढशील हे डोळ्यांसमोर आलं, आणि राख अंगणात ओतून टाकली.

एवढं तर मी कधी ना कधी फोनवरही सांगितलं असतं. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्या रविवारच्या आधी, शुक्रवारी तू विचारलं होतंस, सुट्टी मिळतेय, येऊ का? मी म्हटलं, घाई नाही, पुढच्या महिन्यात ये. तेव्हा रोप घरात आणून ठेवलेलं होतं. अकरा महिने मी बाबांना उचललं, बसवलं, भरवलं, आणि माझ्या हातचा घास घेता घेता ते विचारायचे, "संघर्ष काहून नाही आला वं?" शेवटचं तरी मला एकटीला करायचं होतं. एक दिवस बाबा फक्त माझे हवे होते. घरात सगळे चोरांना शिव्या देतात तेव्हा मी उठून आत जाते. तुझ्या वाट्याचे बाबा आधी मीच नेले होते, संघर्ष. तिकीट रद्द करू नकोस. रागवायला तरी ये.

तुझीच,
नीलिमाताई