अण्णांच्या दगडावरची ओळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या भावाने तो दोनदा वाचावा.

१. शिलाई मशीन व मोठी कात्री धाकट्याच्या सुनेला. त्या कात्रीने कोणी कागद कापल्यास माझ्या आत्म्याला शांती मिळणार नाही.

२. राहते घर धाकट्याला. दाराची कडी जरा उचलून लावावी लागते, हे त्याला साठ वर्षांत जमलेले नाही. घर देता येते, अक्कल देता येत नाही. शिवाय एक अट आहे.

३. आमचे वडील, अण्णा, मी चार वर्षांची असताना लढाईवर गेले आणि समुद्रापलीकडेच पुरले गेले. काही वर्षांनी तिथल्या दफनभूमीच्या कचेरीतून फॉर्म आला. दगडावर नाव कोरले आहे, खाली घरच्यांची एक ओळ हवी, मर्यादा चाळीस अक्षरे. काकांनी मसुदा केला. त्यात काकांचा हुद्दा आणि भावावर केलेले उपकार एवढे आले, की अण्णांपर्यंत पोचायच्या आत अक्षरे संपली. शेवटी आईला विचारले. ती सदऱ्याला काजे करत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा, सांगितलं होतं, जाऊ नका."

"वहिनी, दगडावर कुणी भांडण लिहितं का?"

"मग कुठं भांडू? ते येणारेत का घरी?"

काकांनी आपला मसुदा घडी करून खिशात घातला. आईने फॉर्म भरून टपालात टाकायला माझ्याकडे दिला. मी तेव्हा चौदा वर्षांची, दीडशहाणी. लोक हसतील याची लाज वाटली आणि मी तो टाकलाच नाही. हे आज प्रथमच सांगते आहे.

आई पुढे तीस वर्षे जगली. अण्णांच्या तारखेला दरवर्षी म्हणायची, "वाचलं असेल त्यांनी. पण उत्तर द्यायची सवय कुठंय?" मी मान डोलवायची. फार वाईट वागले मी.

४. फॉर्म मशीनच्या खणात आहे. ओळ अजूनही कोरून मिळते, असे कचेरीने कळवले आहे. धाकटा मुख्याध्यापक होता, म्हणून बजावते: मजकूर सुधारू नये, 'वीर' वगैरे जोडू नये. कोरलेल्या दगडाचा फोटो येईपर्यंत घर त्याच्या नावे होणार नाही. फोटो आला की आईच्या तसबिरीसमोर धरून माझ्या वतीने सांगावे: आत्ता पोचलं. उशीर मी केला, अण्णांना बोल लावू नकोस.

सही: (वाकडी, पण माझीच)

साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर. २. शेजारचे कुलूपवाले, वाचताना रडले, तरी सही जागेवर केली.

ठिकाण: राहते घर, मशीनजवळ.
दिनांक: ४ मार्च, सकाळ.